यंत्राला अनुदान मिळते, ऐकणाऱ्याला कोण देणार?

हैदराबादला सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा या भागांत आजही सकाळी मराठी कानावर पडते, आणि आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला ती परकी वाटत नाही. वाटावी तरी कशी? १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांची राजधानी हैदराबादच होती. वरचे कोर्ट तिथे, कॉलेज तिथे, मोठे दुखणे आले तर दवाखानाही तिथेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हे इकडे आले, पण तिकडे घरे करून राहिलेली माणसे तिथेच राहिली आणि त्यांच्याबरोबर त्यांची बोलीही.

या बोलीचा एक साठा मी गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत पाहिला. आमच्या भाषा समितीने मला पाठवले होते. एका जुन्या संस्थेच्या माडीवर लोखंडी कपाट आहे आणि त्यात दीडशेच्या आसपास ध्वनिफिती. १९८० ते १९९५ या काळात संस्थेच्या काही हौशी कार्यकर्त्यांनी टेपरेकॉर्डर खांद्याला लावून म्हाताऱ्या माणसांचे बोलणे मुद्रित केले. मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेलेले सत्याग्रही, निजामाच्या काळातले शिक्षक, धर्माबाद-बिलोलीकडून लग्न होऊन हैदराबादला आलेल्या बायका, एक-दोन कीर्तनकार. कोणी पैसे दिले नव्हते, कोणी मागितलेही नव्हते. कॅसेट स्वतःच्या खिशातून आणायच्या, एवढाच नियम.

पुढे पंधराएक वर्षांपूर्वी संस्थेने एका कार्यालयाकडे अनुदानासाठी अर्ज केला. अर्ज मंजूर झाला, पण अट अशी पडली की पैसे उपकरणांसाठीच वापरायचे, मानधनासाठी नाहीत. त्याप्रमाणे यंत्र आले, संगणक आला, ध्वनिफितींच्या तबकड्या झाल्या. तबकड्यांवर ‘म-१’, ‘म-२’ असे आकडे पडले. कोण बोलते आहे, कुठले गाव, कोणते साल, हे लिहायला माणूस नव्हता. जुन्या डब्यांमधल्या चिठ्ठ्या त्या धांदलीत गहाळ झाल्या. आता निम्म्या तबकड्या चालत नाहीत आणि मूळ फितींपैकी कोणती कोणाची, हे सांगणारे कार्यकर्ते हयात नाहीत. कपाटाची किल्ली सांभाळणारे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक आहेत. मला म्हणाले, “सर, मशीन घ्यायला पैसे देतात हो. बसून ऐकायला कोण देतो?”

वाचकांना वाटेल, ऐकायला पैसे कशाला? लावावी आणि ऐकावी. मलाही आधी तसेच वाटले होते. मग एक ध्वनिफीत उतरवून घेण्याचे काम आम्ही बारावी झालेल्या एका हुशार मुलाला दिले. फितीतले आजोबा आपल्या पहिल्या पगाराबद्दल सांगत होते. मुलाने लिहिले, ‘हल्ली बारा रुपये मिळायचे.’ वाक्य कानाला खटकले म्हणून मी स्वतः ऐकले. आजोबा म्हणत होते, “हाली बारा रुपये.” निजामाच्या राज्यातला रुपया तो हाली रुपया, इंग्रजी राज्यातला तो कलदार. हालीची किंमत कलदारपेक्षा कमी. मुलाचा दोष नाही, त्याने हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. समितीतल्या एका तरुण सहकाऱ्याने मोबाइलवरची बोलणे आपोआप उतरवणारी सोय वापरून पाहिली. तिनेही ‘हल्ली’च लिहिले.

पुढे आजोबा ‘सत्तावनला पोलीस ॲक्शन झाली’ असे म्हणतात. मुलाने समासात प्रश्नचिन्ह काढले, कारण शाळेत त्याला १९४८ शिकवले होते. दोघेही बरोबर. आजोबांचे सत्तावन म्हणजे फसली १३५७. फसली सालात ५९० किंवा, महिन्यानुसार, ५९१ मिळवले की इसवी सन मिळते. ज्यांच्या घरी जुने दाखले, मुंतखब जपलेले आहेत त्यांना हा हिशेब ठाऊक असतो. विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला तो शिकवावा लागतो, आणि शिकवण्याला वेळ लागतो.

या बोलीची नोंद मागे कुठे झाली असेल तर तिच्याशी ताडून पाहावे, असा विचार केला. ग्रिअर्सन साहेबांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड १९०५ साली निघाला. पण मद्रास इलाखा, म्हैसूर संस्थान आणि हैदराबाद संस्थान या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवले होते. पुढे ग्रिअर्सननी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर देशभरातल्या बोली मुद्रित करवून घेतल्या. त्या आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथालयामार्फत ऐकायला मिळतात. पण आधी सर्वेक्षणच नव्हते तिथे ताडून पाहायचे कशाशी?

नभोवाणीचेही असेच. हैदराबादचे डेक्कन रेडिओ १९३५ साली निजाम सरकारने आपल्याकडे घेतले. उर्दू आणि तेलुगूबरोबर मराठी व कानडी कार्यक्रमही त्यावरून होत. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओकडे गेली. पण त्या काळी बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, ते साठवून ठेवण्याची रीत नव्हती. पुढे फिती आल्या, तर त्या महाग म्हणून पुसून पुन्हा वापरल्या जात. अशा स्थितीत माडीवरचे ते कपाट म्हणजे काय ठेव आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

काम नीट होते तेव्हा कसे होते, याचे उदाहरण आपल्या मराठीतच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवें यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही हजार बर्नार बेल यांच्या मदतीने ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांच्या कामाला युनेस्को, नेदरलँड्सचे सरकार आणि पॅरिसचे एक प्रतिष्ठान यांचे साह्य होते. महत्त्वाचे हे की पैसा नुसता यंत्रात गेला नाही. ओवी लिहून काढली गेली, तिच्यासमोर गाणारणीचे नाव आणि गाव घातले गेले, विषयवार मांडणी झाली. म्हणून आज कोणीही ओवी काढून ऐकू शकतो आणि ती कोणत्या गावच्या बाईची हे सांगू शकतो. परदेशी पैशावर हे व्हावे याची थोडी लाज वाटते, पण झाले हे खरे. ‘यंग इंडिया’ छापाच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांचे तसेच. मुंबईचे संग्राहक सुरेश चांदवणकर यांनी त्यांचे अंकीकरण केले तेही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या अनुदानातून.

आपल्या शासनाकडे पैसा नाही असे मात्र नाही. मे २०२२ मध्ये केंद्राने २२०० चित्रपट दुरुस्त करण्यासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा केली. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला, त्यात प्रभातचे चित्रपट होते, हे आठवले की कोणी या खर्चाला नावे ठेवणार नाही. मीही ठेवत नाही. पण चित्रपटाला निर्माता असतो, श्रेयनामावली असते, प्रेक्षक असतो. बिलोलीकडच्या म्हातारीच्या आवाजाला श्रेयनामावली नसते. ती कोणीतरी बसून लिहावी लागते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आणि गावोगावची ध्वनिमुद्रणे खुली केली. उत्तम काम. तसेच काम हैदराबादेत, आदिलाबादेत, निजामाबादेत व्हावे आणि नव्या मुलाखतींबरोबर जुन्या फितीही त्यात घ्याव्यात, असे आमच्या समितीचे मत पडले. हैदराबाद विद्यापीठात लुप्तप्राय भाषा आणि मातृभाषा यांच्या अभ्यासाचे केंद्र आहे, तेव्हा जाणकार शोधायला दूर जाण्याची गरज नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हापासून सभा पुष्कळ झाल्या, हारतुरे झाले. या दर्जापाठोपाठ संशोधनासाठी जो पैसा येईल तो ताम्रपट, शिलालेख आणि हस्तलिखिते यांच्याकडे जाईल, जायलाही हवा. पण शिलालेख आणखी शंभर वर्षे थांबतील, फिती थांबणार नाहीत. चुंबकीय फिती वाजवणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग संपत चालले आहेत, २०२५ नंतर हे काम फार अवघड होईल, असा इशारा युनेस्कोने २०१९ मध्येच दिला होता. ते सालही मागे पडले.

आमचा हिशेब साधा आहे. एक तासाची फीत नीट उतरवायला, म्हणजे शब्द, गाव, साल तपासून, आठ तास जातात. दीडशे तासांना बाराशे तास. रोज चार तास धरले तर तीनशे दिवस, एका माणसाचे. मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू तिन्ही समजणारा माणूस हवा, असे लोक हैदराबादेत अजून आहेत, बहुतेक सत्तरीच्या पुढचे. त्यांना रिक्षाभाडे आणि थोडे मानधन द्यावे, जोडीला एक-दोन विद्यार्थी पाठ्यवृत्तीवर बसवावेत. एवढ्यासाठी यंत्रखरेदीच्या अनुदानात ऐकण्याचा स्वतंत्र भाग ठेवावा, असा ठराव समितीने केला असून निवेदन दोन्ही राज्यांकडे पाठवले आहे.

उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर वाचकांना विनंती, घरात आजी-आजोबांच्या आवाजाची जुनी कॅसेट असेल तर ती लावून पाहण्याची घाई करू नका, जुन्या यंत्रात फीत अडकून तुटते. आधी एका चिठ्ठीवर बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि साल लिहा आणि चिठ्ठी डबीतच ठेवा. पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते.