नऊ महिन्यांचा गुडघा

आवाज मला बाकावर बसल्या जागी ऐकू आला, पायाखाली वाळकी काटकी मोडावी तसा. संध्याकाळचा खो-खोचा सराव चालू होता. संरक्षणाला उतरलेली आमची अकरावीतली पोरगी खांबाजवळ आली, तिनं डावीकडे हूल दिली आणि डावा पाय रोवून उजवीकडे वळली. अंग वळलं, पण पाऊल मातीत तसंच राहिलं आणि गुडघा आतल्या बाजूला गेला. तिला कुणी धक्का दिला नव्हता, कुणी शिवलंही नव्हतं. ती खाली बसली, गुडघा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "मॅडम, आत काहीतरी सुटलं."

मी धावत गेले ते त्या एका शब्दामुळे. २००४ साली, वीस वर्षांची असताना, मैदानात पडल्यावर मीही "सुटलं" असंच म्हणाले होते.

माझ्या वेळी काय झालं ते आधी सांगते. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. घरी गरम तेल लावून रगडून चोळला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. हाड मोडलेलं नाही म्हणजे काळजी नाही, असं सांगून सहा आठवडे प्लॅस्टर घातलं. प्लॅस्टर काढलं तेव्हा माझी मांडी मला ओळखू आली नाही, कातडी हाडाला लोंबत होती. व्यायामाबद्दल कुणी एक शब्द सांगितला नाही. तीन महिन्यांनी दुखायचं थांबलं म्हणून मी मैदानात उतरले. गुडघा पुन्हा निसटला, एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या वेळी आतली गादी फाटली. बाविसाव्या वर्षी खेळ संपला. आज सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाळेत खेळ शिकवते आणि गडाच्या पायऱ्या उतरले की रात्री गुडघा सुजतो. हे सगळं टळण्यासारखं होतं हे मला दहा वर्षांनी कळलं. म्हणूनच या पोरीचे नऊ महिने मी वहीत लिहून ठेवले आणि आज तेच सांगायला बसले आहे.

गुडघ्यात मांडीचं हाड नडगीच्या हाडावर टेकलेलं असतं आणि पुढून वाटीचं झाकण असतं. खालचं हाड जवळजवळ सपाट, वरचं गोल. हाडांच्या आकारात एकमेकांना धरून ठेवण्यासारखं फारसं काही नाही. धरून ठेवतात ते अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट. त्यातले दोन गुडघ्याच्या मधोमध फुलीसारखे एकमेकांवरून जातात. पुढचा तो एसीएल. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघ्याला नको तेवढा पीळ बसू नये, हे त्याचं काम. लांबी तीन-साडेतीन सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. सरळ पळताना त्याची उणीव भासेलच असं नाही. पण पळता पळता थांबणं, उडी मारून एका पायावर उतरणं, गर्रकन वळणं, यात सगळा भार त्याच्यावर येतो. आणि खो-खोत दुसरं काय असतं? कबड्डीतही तेच, फुटबॉल-बास्केटबॉलमध्येही तेच. यातल्या बहुतेक दुखापती कुणाचा धक्का न लागताच होतात. सारख्याच खेळात मुलींना हा धोका मुलांपेक्षा दोन ते आठ पट असल्याचं वेगवेगळ्या अभ्यासांत आढळलं आहे. कमरेची ठेवण हे एक कारण, पण माझ्या मते त्याहून मोठं कारण असं की मुलींना उडीवरून उतरायला आणि मांड्यांची ताकद वाढवायला कुणी शिकवतच नाही.

त्या संध्याकाळी तिच्या घरी तेलाची वाटी तयारच होती. मी आजीचे हात धरले. "आजी, आत रक्त साकळतंय. चोळलं की वाढंल." तासा-दोन तासांत भरलेली सूज बहुतेकदा आतल्या रक्तस्रावाची असते. पट्टी गुंडाळली, पाय उशीवर उंच ठेवला, दुखणं कमी व्हावं म्हणून फडक्यातून थोडा वेळ बर्फ लावला. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चौकडी अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केली. पुढे त्यांनी स्वतःच मत बदललं. बर्फानं वेदना कमी होते, पण फार बर्फ आणि पुरती विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं, असं ते सांगू लागले.

चार दिवसांनी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी गुडघा थोडा वाकवला, एका हातानं मांडी धरली आणि दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढून पाहिली. आधी चांगला पाय, मग दुखरा. चांगल्या पायाला ओढल्यावर टक्कन थांबा लागत होता, दोरी ताणल्यावर लागतो तसा. दुखऱ्या पायाला थांबा लागतच नव्हता, नडगी नुसती पुढे येत होती. एमआरआय नंतर झाला. खरं तर तिथंच कळलं होतं.

मग घरात तोच प्रश्न : ऑपरेशन करायचं का? बाबांचं म्हणणं, पोरीच्या जातीला गुडघ्यावर व्रण नको. आईला धास्ती वेगळी, मांडी घालून बसता येईल ना? इथं मी वाचकांना एक गोष्ट सांगते, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. एसीएल तुटलेल्या प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं ऑपरेशन लगेच केलं, अर्ध्यांना आधी नुसता व्यायाम दिला आणि लागलं तरच ऑपरेशन करायचं ठरवलं. पाच वर्षांनी पाहिलं तर व्यायामवाल्या गटातल्या जवळपास निम्म्या जणांना ऑपरेशन लागलंच नव्हतं. शेती, दुकान, शाळा सांभाळणारा माणूस मांड्या बळकट करून नीट जगू शकतो. पण ही पोरगी पुन्हा खांबाला वळसा घालणार होती आणि तिचा गुडघा चालतानाही निसटत होता. तेव्हा ऑपरेशन ठरलं. बाबा शेवटी कशानं तयार झाले, माहीत आहे? पोरगी जिना उतरताना दोनदा पडता पडता वाचलेली त्यांनी स्वतः पाहिली म्हणून.

लगेच मात्र केलं नाही. सूज उतरेपर्यंत आणि गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत महिनाभर थांबलो. ऑपरेशनला ताठर गुडघा घेऊन गेलं, तर नंतरही तो ताठरच राहायचा धोका असतो. ऑपरेशनमध्ये तुटलेला बंध शिवत नाहीत, नवा बसवतात. तिच्याच मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा काढून हाडांत बोगदे पाडून त्यातून ओवला. तास-दीड तासाचं काम. गावात सगळे म्हणाले, "झालं बाई एकदाचं." मला ठाऊक होतं, आता सुरू झालंय.

तिसऱ्या दिवशीचा प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. ती कॉटवर पाय सरळ करून बसली होती. फिजिओथेरपिस्ट ताईंनी गुडघ्याखाली टॉवेलची घडी ठेवली आणि सांगितलं, "मांडी आवळ. वाटी वर ओढ." उजवी वाटी चटकन वर सरकली. डावी हललीच नाही. पोरीनं दात आवळले, कपाळाला घाम फुटला, पण मांडी कणकेच्या गोळ्यासारखी मऊच. ती घाबरून रडायला लागली, "माझा पाय माझं ऐकंना झालाय!"

अगदी खरं होतं ते. सुजलेल्या गुडघ्यातून मज्जारज्जूकडे जो निरोप जातो, त्यानं मांडीच्या पुढच्या स्नायूला आखडतं घ्यायचा हुकूम मिळतो. निरोगी गुडघ्यात नुसतं मिठाचं पाणी भरूनही हे तपासलेलं आहे. वीस-तीस मिलिलिटर, म्हणजे चार-सहा चमचे पाणी गेलं तरी आतल्या बाजूचा स्नायू दबतो. स्नायू शाबूत असतो, त्याला बोलावणं पोचत नसतं. माझं प्लॅस्टर निघालं तेव्हा मला वाटलं होतं, आपण आळशी आहोत. असं वाटून घेणाऱ्या बाया आजही मला भेटतात. ताईंनी तिचा हात तिच्याच मांडीवर ठेवला, चांगला आणि दुखरा दोन्ही पाय एकदम आवळायला लावले. पाचव्या दिवशी वाटी तांदळाच्या दाण्याएवढी हलली. तारीख माझ्या वहीत आहे.

फिजिओथेरपी चाळीस किलोमीटरवर. आठवड्यातून दोनदा एसटीनं जायचं, बाकीचं घरी. शहाबादी फरशीवर टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली की पाय छान घसरतो. टाच मागं घ्यायची, पुढं सोडायची. टाचेखाली उशी घेऊन गुडघा मोकळा सोडायचा, म्हणजे तो सरळ व्हायला शिकतो. मग ओट्याची पायरी चढणं-उतरणं. मग स्टुलावरून एका पायावर उठणं. तिसऱ्या महिन्यापासून दप्तरात पुस्तकं भरून पाठीवर, पुढे त्यातच वाळूच्या पिशव्या. वजन वाढवताना आईचा जीव खालीवर व्हायचा, "दुखऱ्या पायावर ओझं कशाला?"

हा प्रश्न जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघे दुखावलेले सैनिक महिनोन्‌महिने पडून असत. तेव्हाची रीत म्हणजे हलके व्यायाम खूप वेळा करायचे. थॉमस डीलोर्म हे तिथले तरुण डॉक्टर स्वतः वजनं उचलणारे होते. त्यांनी उलटं केलं, वजन जड आणि वेळा थोड्या. मांड्या झपाट्यानं भरल्या. १९४५ मध्ये त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं. आज गावोगावच्या जिममध्ये पोरं दहा-दहाचे तीन सेट मारतात, ती पद्धत त्यांच्याच कामातून आलेली आहे. स्नायूला आज पेलेल तेवढं आणि उद्या किंचित जास्त असं ओझं दिलं तरच तो वाढतो. पडून राहिलेला स्नायू नुसता झिजतो.

सगळ्यात अवघड काळ कोणता म्हणाल, तर तिसरा महिना. दुखणं गेलं होतं, सूज नव्हती, चाल सरळ. एका संध्याकाळी ती पटांगणाच्या कडेनं हळूच पळताना मला दिसली. मी आयुष्यात कुणावर ओरडले नसेन एवढी ओरडले. बसवलेला कंडरा सुरुवातीला निर्जीव असतो. त्यात हळूहळू रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी वस्ती करतात, जुने धागे विरघळून नवे विणले जातात. या विणकामात साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान तो सर्वांत कच्चा असतो, बसवला त्या दिवसापेक्षाही कच्चा. नेमकं तेव्हाच पोराला वाटतं, मी बरा झालो. मीही तीन महिन्यांनीच उतरले होते मैदानात. त्या रात्री तिला घरी बोलावून मी माझा गुडघा दाखवला, दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवून. ती बराच वेळ बघत बसली.

पुढचे महिने वहीत एका चालीत आहेत. चौथ्या-पाचव्यात सरळ रेषेत पळणं, सहाव्यात दोन्ही पायांवर उड्या, मग एका पायावर, मग खांबाभोवती चालत वळणं. उडीवरून उतरताना मी समोर उभी राहून एकच गोष्ट बघायचे, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो की आत पडतो. त्याच महिन्यांत मी सगळ्या संघाला हे सुरू केलं. सरावाआधी वीस मिनिटं एका पायावर तोल, नीट उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम. फुटबॉलवाल्यांचा 'फिफा ११ प्लस' म्हणून जो ठरीव सराव आहे, त्यातलंच खो-खोला जुळेल तसं घेतलं. तो नियमानं करणाऱ्या संघांत दुखापती तिसऱ्या हिश्शानं किंवा त्याहून जास्त कमी झालेल्या दिसल्या आहेत. पैसे लागत नाहीत, साहित्य लागत नाही. शाळाशाळांतून हे का होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नववा महिना भरला. मैदानावर टेप अंथरला. एका पायावर उडी मारायची, त्याच पायावर उतरून थांबायचं. उजवा पाय १४० सेंटिमीटर. डावा ११८. म्हणजे ८४ टक्के. निदान ९० हवेत. जिल्ह्याची निवड आठ दिवसांवर होती. मी नाही म्हणाले. रात्री बाबांचा फोन, "मॅडम, नऊ महिने म्हणला होता न्हवं? भरले की आता!" त्यांना मी नॉर्वे आणि अमेरिकेत खेळाडूंवर झालेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगितला. त्यात नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं लांबवलेल्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा धोका निम्म्यानं उतरला होता, आणि मांडीची ताकद दोन्हीकडे सारखी झाल्यावर उतरलेले कमी दुखावले होते. नऊ महिने ही कमीत कमी मुदत, ताकद वेगळी मोजावी लागते. त्यांनी काही न बोलता फोन ठेवला.

पाच आठवडे आम्ही फक्त डाव्या पायावर मेहनत घेतली. परीक्षेच्या दिवशी बाबा मोटारसायकलवरून आले आणि विचारलं, "टेपचं टोक कुणी धरायचं?" ते उकिडवे बसले, शून्याचा आकडा रेषेवर अंगठ्यानं दाबून धरला. तिनं तीन उड्या मारल्या. सर्वांत लांब १३३, उजव्याची १४१. बाबांनी दोनदा वाकून आकडा वाचला.

"म्हणजे आता मोकळी?"

"खेळायला मोकळी. तरी आठवड्यातून दोनदा दप्तर पाठीवर घ्यायचंच."

ते मान हलवेपर्यंत ती चौकात जाऊन बसलीसुद्धा होती, दोन्ही हातांची बोटं मातीत टेकवून, मागून खो मिळायची वाट बघत.