बैलाच्या शिंगाचा कर्करोग : लक्षणे वेळीच ओळखा

ऐन कामाच्या दिवसांत तुमचा बैल सारखे डोके हलवू लागला, एकच शिंग झाडाला किंवा भिंतीला घासू लागला, तर तो अंगचोर झाला असे समजून त्याला चाबूक लावू नका. त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो का, ते आधी पाहा.

शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो. मोठ्या जनावरात हा गाभा पोकळ असून ती पोकळी कपाळातून नाकाशी जोडलेली असते. कर्करोग सुरू होतो तो या पोकळीच्या पातळ अस्तरात. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे मांस वाढते व हाड आतून पोखरते. म्हणून नाकातून रक्त येते, मुळाशी दाबल्यास जनावर डोके झटकते आणि शेवटी शिंग एका बाजूला कलते. इतर देशांत दुर्मिळ असलेला हा रोग आपल्याकडे देशी, लांब शिंगांच्या जनावरांत, विशेषतः ५ ते १० वर्षांच्या खच्ची केलेल्या बैलांत अधिक आढळतो. म्हशींत क्वचितच.

शिंग कलेपर्यंत थांबू नये. 'शिंगात किडा पडला' म्हणून तेल ओतत बसण्यात जे आठवडे जातात, तेच नडतात. पशुवैद्यक भूल देऊन शिंग मुळापासून काढतात व कातडीला टाके घालतात. रोग कपाळाच्या पोकळीत पसरण्यापूर्वी हे झाले, तर बैल पुन्हा औताला येऊ शकतो. उशीर झाल्यास शस्त्रक्रियेनंतरही गाठ पुन्हा वाढते. काढलेल्या मांसाचा तुकडा तपासणीसाठी पाठविण्यास सांगावे. जखम भरेपर्यंत बैल जुंपू नये, माशी बसू देऊ नये.