सीरमच्या थेंबातली अळी

म्हशीच्या फुफ्फुसातलं हायडॅटिडचं गळू कापलं की आधी नितळ पाणी येतं आणि भांड्याच्या तळाशी बारीक वाळू बसते. ही वाळू म्हणजे इकायनोकॉकसच्या अळ्या. मोठा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि अळ्या मेंढ्या-म्हशींच्या, कधी माणसाच्याही अवयवांत.

पशुवैद्यक महाविद्यालयात शिकवताना मी ही वाळू मुलांना मायक्रोस्कोपखाली दाखवत असे. आत ओढून घेतलेलं डोकं, त्यावर आकड्यांचं कडं. अळी जिवंत असेल तर तिच्या अंगातल्या ज्योतपेशी लुकलुकतात. इओसिनचा थेंब सोडला की मेलेली लाल होते, जिवंत रंग घेत नाही.

त्यावर ताजं सीरम घातलं की खरी गंमत. अळीच्या अंगावर फोड येतात, ज्योतपेशी थांबतात आणि ती फुटते. तेच सीरम आधी ५६ अंशांवर अर्धा तास तापवलं, तर अळ्या मजेत! तापवल्याने निकामी होतो तो कॉम्प्लिमेंट, म्हणजे परक्या पेशींना भोकं पाडणारी प्रथिनं. ज्यूल बोर्दे यांना १९१९चं नोबेल मिळालं ते याच विषयातल्या कामासाठी.

सीरम कोणाचं, यानेही फरक पडतो. गिनीपिगच्या सीरममधला कॉम्प्लिमेंट जहाल, उंदराचा अगदीच मिळमिळीत. पित्ताचंही तसंच. मेंढी-सशाच्या पित्तात डिऑक्सिकोलिक आम्ल भरपूर, त्यात अळी विरघळते. कुत्र्याच्या पित्तात टिकते. स्मिथ आणि हॅझलवूड यांनी हे १९६३मध्येच मांडलं होतं.

मग सीरममध्ये मरणारी अळी जनावरात वर्षानुवर्षं जगते कशी? हा प्रश्न एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारायचाच. उत्तर गळूच्या भिंतीत आहे. कॉम्प्लिमेंट स्वतःच्याच शरीरावर उलटू नये म्हणून रक्तात फॅक्टर एच नावाचं आवर घालणारं प्रथिन असतं. गळूची भिंत नेमकं तेच स्वतःवर ओढून घेते. चोराने पहारेकऱ्याचाच डगला घालावा, तसं. ऑपरेशनमध्ये गळू फुटलं, तर सांडलेल्या काही अळ्या तरीही तगतात आणि नवी गळवं धरतात. म्हणून सर्जन आजूबाजूला तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले पॅड लावतात.

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीला मात्र ही भिंत नसते. ती पहिल्या पंधरवड्यात तयार होते. १९९६मध्ये जाहीर झालेली ईजी९५ ही मेंढ्यांची लस तेवढाच अवकाश साधते. लस टोचलेल्या मेंढीच्या सीरममधली प्रतिपिंडं आणि कॉम्प्लिमेंट मिळून या कोवळ्या अळीला मारतात. चाचण्यांत ९५ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळालं. अडचण व्यवहाराची आहे. गळू असलेली मेंढी चरते, विते, बाजारात विकलीही जाते. तिच्यात आजार दिसतच नाही. मग माणसांना होणाऱ्या गळवांसाठी मेंढपाळाने स्वतःच्या खिशात का हात घालावा?