खैरियत कळली, विचारपूस राहिली

भूगोलाच्या तासाला जपानचा भूकंप शिकवताना आम्ही त्सुनामीच्या लाटांची उंची सांगतो. घराघरांत काय झालं, ते सांगायचं राहून जातं. ११ मार्च २०११ ला तिथे फोन लागेनासे झाले. कोण कुठे आहे, कुणालाच कळेना. त्याच वर्षी जूनमध्ये ‘लाइन’ हे ॲप आलं. त्यात संदेश उघडला की ‘किदोकु’, म्हणजे ‘वाचलं’, अशी खूण उमटते. उत्तर द्यायला जमलं नाही तरी माणूस सलामत आहे, एवढं घरच्यांना कळावं, हा तिचा हेतू.

पुढे हीच खूण टोचू लागली. वाचून गप्प राहण्यासाठी जपानीत वेगळा शब्दच रूढ झाला. बदलीमुळे वडिलांनी परगावी एकटं राहणं तिथे जुनंच आहे. त्याला ‘तान्शिन फुनिन’ म्हणतात. अशा घरात प्रश्न उठतो: वाचलं, मग बोलत का नाहीत?

म्हाताऱ्यांसाठी २००१ पासून एक विजेची किटली आहे. एकट्या आईने चहासाठी गरम पाणी घेतलं, की दूरच्या लेकीला तसा संदेश मिळतो. आई उठली, हे कळतं. रात्री झोप लागली का, हे किटली सांगत नाही.

खैरियत कळणं लहान गोष्ट नाही. पण ती कळली म्हणून विचारपूस संपत नाही. आपल्या मोबाइलवरच्या निळ्या खुणांचंही तेच. किटलीचा निरोप आला, की लेकीने फोन लावून विचारावं, “आई, आज चहा कुणाबरोबर घेतलास?”