साडेतेराचा अठरा

पाण्याचा तांब्या मागितला आणि मुलगा धडपडत आणायला लागला, की आपण म्हणतो, ‘राहू दे, लहान आहेस.’ तांब्या हातून पडला, की तोच मुलगा ‘एवढा घोडा झालाय, अक्कल नाही!’ मुलांचं वय असं मोठ्यांच्या सोयीनं कमीजास्त होतं. अमेरिकेत ते चक्क मोजलं गेलंय.

फिलिप गॉफ या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना दहा ते सतरा वर्षांच्या मुलांचे फोटो दाखवले. सोबत, मुलावर कसला संशय आहे ते लिहिलेलं. मग विचारलं, याचं वय किती असेल? गंभीर गुन्ह्याचा संशय असलेल्या कृष्णवर्णीय मुलांचं वय सरासरी साडेचार वर्षं जास्त सांगितलं गेलं. म्हणजे साडेतेरा वर्षांचं पोर बघणाऱ्याच्या डोळ्यांत अठराचं, सज्ञान! पोलिसांनाही विचारलं, तेही जवळपास तेवढेच चुकले. त्याच निबंधातल्या दुसऱ्या एका प्रयोगात मात्र नऊ वर्षांपर्यंत सगळी मुलं लोकांना सारखीच निरागस वाटत होती. फाटा फुटला तो दहाव्या वर्षी.

ही नजर सरकारी कागदावर कशी उतरते? तिथल्या बालन्यायालयात प्रोबेशन ऑफिसर मुलाबद्दल अहवाल लिहितो, आणि न्यायाधीश तो वाचून ठरवतात. जॉर्ज ब्रिजेस आणि सारा स्टीन या समाजशास्त्रज्ञांनी असे २३३ अहवाल वाचून १९९८ मध्ये निबंध लिहिला. त्यातली दोन मुलं माझ्या डोक्यातून जात नाहीत. दोघांनीही शस्त्राच्या धाकानं लूट केलेली. कृष्णवर्णीय मुलाच्या अहवालात लिहिलंय की कृत्यात प्रौढपणाची छटा दिसते, पश्चात्ताप दिसत नाही. गोऱ्या मुलाचं घर मोडलेलं आहे, तो दुसऱ्यांच्या नादी लागतो. आणि पुढे, तो उंच, हडकुळा, घाबरलेला लहानगा आहे. शस्त्राचा धाक दाखवणारा लहानगा! एकाच्या गुन्ह्याचं कारण त्याच्या स्वभावात सापडलं, दुसऱ्याचं परिस्थितीत. गुन्ह्याचं गांभीर्य आणि आधीची नोंद हिशेबात धरूनही हा फरक उरत होता.

यात कुणी दुष्ट असावाच लागतो असं नाही. अटक, कोठडी, आरोप, निकाल, सुधारगृह अशा पाच-सहा पायऱ्या चढत गेलं की चक्रवाढ व्याज लागतं. समजा, प्रत्येक पायरीवर कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांतला फरक जेमतेम १.३ पट आहे. सहाव्या पायरीला तो ४.८ पट होतो. प्रत्यक्षातला आकडाही याच घरातला आहे. २००० साली अमेरिकेत लाखाहून जास्त मुलं बंदिस्त होती, २०२० पर्यंत ती पंचवीस हजारांच्या आसपास आली. पण कृष्णवर्णीय मूल कोंडलं जाण्याचं प्रमाण गोऱ्या मुलाच्या चौपटीहून जास्तच राहिलं.

गॉफचा निबंध आला त्याच वर्षी, डिसेंबर २०१४ मध्ये, दक्षिण कॅरोलायनातल्या न्यायालयानं जॉर्ज स्टिनी या कृष्णवर्णीय मुलाला दोषी ठरवणारा निकाल रद्द केला. १९४४ मध्ये दोन गोऱ्या मुलींच्या खुनाबद्दल फक्त गोऱ्या ज्युरीनं त्याला दहा मिनिटांत दोषी ठरवलं होतं. वय चौदा, वजन सुमारे ४३ किलो. त्याला ज्या विजेच्या खुर्चीत बसवलं, ती मोठ्या माणसाच्या मापाची होती.