जाळं कधी उचलायचं

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाखरू जाळ्यात बुडून मरायला समुद्रच लागतो असंही नाही. वर्धा शहर ज्या धाम जलाशयाचं पाणी पितं, तिथे महाकालीला भोईकाकांच्या डोंग्यात बसून हे पाहिलं.

तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या धाग्याच्या, जाळ्याला वर थर्माकोलचे तुकडे, खाली वजन. मधलं जाळं पाण्यात उभं राहतं आणि दिसेनासं होतं. ते रोहूला दिसत नाही, तसं पाणकावळ्यालाही नाही. माशामागे बुडी मारताना त्याची मान भोकात जाते. तो मागे सरत नाही, पुढेच रेटतो आणि गुरफटतो.

"पाखरू फसलं का मासाई जाते न जाळंई फाटते," काका म्हणाले. पक्षीप्रेमाच्या भाषणांपेक्षा मला हा हिशेब भरवशाचा वाटतो.

पाणकावळे, टिबुकल्या नजरेनं शिकार करतात, म्हणजे उजेडात. म्हणून पाणकावळे झाडांवर मुक्कामाला गेले की काका जाळं टाकतात आणि फटफटायच्या आत उचलायला घेतात. वारकरी पक्षी पाणवनस्पतींत चरतात. त्या कडेला जाळं नाहीच.

तरी शेवटच्या जाळ्यात एक लहान पाणकावळा जिवंत सापडला. काकांनी त्याच्या डोक्यावर दुपट्टा टाकला, कारण त्याची आकडेदार चोच डोळ्यावरच येते. पंख मिटून धरले आणि ओढाताण न करता तंगूस कापला. लगेच उडवला नाही. त्याची पिसं पाणी धरतात. काठावर उन्हात ठेवला.

जगभर अशा उभ्या जाळ्यांत वर्षाला किमान 4 लाख पक्षी मरतात, असा 2013 चा अंदाज आहे. लांब दोरीला हजारो गळ लावणाऱ्या समुद्री बोटींना पक्षी अडकू नयेत म्हणून उपाय सापडलेत: गळ रात्री सोडायचे, वजन लावून पटकन बुडवायचे, बोटीमागे रंगीत पट्ट्या फडकवायच्या. जाळ्यांचं कोडं अवघड. पेरूमध्ये जाळ्यांना हिरवे एलईडी दिवे लावून पाहिले, तर पाणकावळे अडकण्याचं प्रमाण सुमारे 85 टक्क्यांनी घटलं. तो अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. धामवरच्या डोंग्याला ते दिवे परवडतील असं वाटत नाही.

मला जास्त खटकतं ते टाकून दिलेलं जाळं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खुंटांवर त्याच्या चिंध्या लोंबतात. नायलॉन कुजत नाही, त्यामुळे धनी नसतानाही ते धरतच राहतं. मच्छिमार संस्थांनी नवं जाळं देताना जुनं वजनावर परत घ्यावं. फाटक्या तंगुसाला दोन पैसे मिळाले, तर तो पाण्यात कोण सोडेल?