निळी व्हँडा : चिठ्ठीवरची आणि फुलावरची

ऑर्किडचें रोप विकत घेतलें म्हणजे त्याबरोबर नांवाची चिठ्ठी येते, आणि आपण तीवर निःशंकपणें विश्वास ठेवितों. परंतु हातोहात फिरतांना संकराचें नांव पुष्कळदां गळून पडतें व मूळ जातीचें तेवढें उरतें. ‘व्हँडा सेरुलिया’ ह्या निळ्या ऑर्किडची गोष्ट अशीच आहे.

खासी टेंकड्यांत विल्यम ग्रिफिथ ह्या वनस्पतिशास्त्रज्ञास ती १८३७ मध्यें आढळली. ऑर्किडांत निळा रंग विरळा. त्यामुळें शौकिनांकरितां तिचीं रोपें रानांतून भाराभार नेलीं गेलीं. पुढें फिलिपाइन्समधील मिंडानाओ बेटावरच्या ‘व्हँडा सँडेरियाना’शीं तिचा संकर झाला, तो १९३१ मध्यें ‘रोथ्सचाइल्डियाना’ नांवानें नोंदला गेला. तो किंवा त्याचे वंशज पुष्कळदां ‘सेरुलिया’ म्हणून विकले जातात.

मग ओळखावें कसें? मूळ जातीचें फूल फिकट निळें असून त्यावर गडद रेषांची नाजूक जाळी असते. पाकळ्या बुडाशीं अरुंद व पीळ पडलेल्या, म्हणून त्यांच्यामध्यें फटी दिसतात. ओठ लहान व गडद जांभळट निळा. संकराचें फूल मोठें, सपाट व वाटोळें. दलें एकमेकांवर चढलेलीं आणि जाळी ठळक असते. चिठ्ठीवरील रोमन अक्षरेंहि पाहावींत : जातीचें नांव लहान अक्षरानें, तर नोंदलेल्या संकराचें मोठ्या अक्षरानें सुरू होतें.

तथापि येथें सावध राहिलें पाहिजे. निवडून वाढविलेल्या मूळ जातीच्या रोपांनाहि रुंद फुलें येतात, आणि संकराचा पुन्हा सेरुलियाशीं संयोग केल्यास संतति तिच्यासारखीच दिसूं लागते. तेव्हां फुलावरून संशय घेतां येतो. खात्री मात्र रोपाच्या उगमाच्या लेखी नोंदीवरूनच होते.

संकर बागेला शोभा देतो, त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रक्षिलेली ही जाति पुन्हा रानांत लावावयाची झाल्यास, चुकीच्या चिठ्ठीचें रोप तेथें रुजून तिच्या उरल्यासुरल्या बीजांत मिसळेल. मग तें निवडून वेगळें काढणें कोणासहि साधणार नाहीं. म्हणून रोप घेतांना तें कोठून आलें हें विचारावें, उत्तर चिठ्ठीच्या पाठीवर लिहून ठेवावें, आणि उत्तर न मिळाल्यास नांवापुढें प्रश्नचिन्ह घालावें.